कलेच्या निमित्तानें परदेशी

आजच्या भाषणाचा विषय मला पत्रानें कळविण्यांत आला तेव्हां त्याचें नांव वाचूनच मी अंमळ बिचकलों. वास्तुकला, वस्तुरचना आणि वेषभूषा या विषयांतील आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्यक्रम, व त्यांत आपल्या तरुणांना मिळूं शकणारे व्यवसाय! एवढें लांबरुंद नांव पेलायला व्यासंगहि तेवढाच लांबरुंद हवा, आणि तो माझ्यापाशीं नाहीं. परंतु हाच विषय कांहीं महिन्यांपूर्वीं माझ्या घराच्या ओट्यावर एका अगदीं साध्या प्रश्नाच्या रूपानें येऊन बसला, आणि तेथून तो अद्याप उठलेला नाहीं. तेव्हां तेथूनच सुरुवात करतों.

मी राहणारा गासचा. वसई तालुक्यांतील हें गांव पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक नसेल. नालासोपारा स्टेशनाबाहेर पडून पश्चिमेची वाट धरली आणि इमारतींची दाटी मागें पडली कीं केळीच्या व भाजीच्या वाड्या, विहिरी, कौलारू घरें असा मुलूख लागतो. त्यांतलेंच आमचें गांव. एका रविवारीं सकाळीं मिस्सा आटोपून माझे शेजारी माझ्याकडे आले. वाडी करणारे गृहस्थ. मी बरींच वर्षें चित्रकला शिकविली असल्यामुळें सारा गांव मला मास्तर म्हणतो, तसे तेहि म्हणतात.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरगी विलायतेला जायचं म्हणते."

"कशासाठीं?"

"जुनीं लुगडीं राखायला शिकायला! नवीं कापडं शिवायला शिकणारे मी पुष्कळ पाहिले. पण जुनं राखायचं, त्याला पगार कोण देतो हो?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांच्या खिशांत एक छापील पत्रक होतें. परदेशांत एक वर्ष राहून "आंतरराष्ट्रीय वेषभूषा व संस्कृति" या विषयाची पदविका मिळेल, अशी त्यांत ग्वाही होती, आणि खालीं फीचा आंकडा होता. तो आंकडा भरायचा तर विहिरीलगतचा वाडीचा तुकडा विकावा लागणार होता. आमच्या भागांत आज जमिनीला गिऱ्हाइक शोधावें लागत नाहीं. गिऱ्हाइकच रोज दारांत उभें असतें. एकदां सही झाली कीं त्या तुकड्यावर पुन्हां केळ उभी राहात नाहीं, हें त्यांना माझ्याहून अधिक कळत होतें. मुलीनें मुंबईंत कापडाच्या रचनेचें शिक्षण पुरें केलें होतें. पत्रक मात्र तिनें आणलेलें नव्हतें. बापानेंच तें कोणाकडून तरी मिळविलें होतें. मुलगी काय म्हणते हें मीं तिलाच विचारावें असें ठरलें.

ती संध्याकाळीं आली ती आजीचें लाल लुगडें घेऊनच. आमच्याकडील बायकांचें हें लाल लुगडें श्रोत्यांपैकीं कांहींनीं लोकलगाडींत किंवा बाजारांत पाहिलें असेल. आतां तें वयस्क बायकांच्याच अंगावर उरलें आहे, आणि पुष्कळ घरांत तें पेटींतच आहे. मुलीनें घडी उलगडून मला दाखविली. कापड इतरत्र धड होतें, परंतु जेथें जेथें घडी पडली होती तेथें तेथें धागा तुटून रेघ उमटली होती. "मास्तरकाका, आजीनं हें कधीं फाडलं नाहीं," ती म्हणाली. "नुसतं नीट घडी घालून ठेवलं. त्यानंच तें फाटलं."

येथें मला एकदम जाणवलें कीं या मुलीला खरोखरच कांहीं दिसलें आहे. जुनें कापड वर्षानुवर्षें एकाच घडींत राहिलें तर घडीवरचा धागा मोडतो. म्हणून संग्रहालयांत अशीं वस्त्रें घडी न घालतां नळकांड्यावर गुंडाळून ठेवितात. उजेडाचेंहि तसेंच. प्रकाशानें रंग उडतो तो कांहीं केल्या परत येत नाहीं. म्हणून वस्त्रांच्या दालनांत प्रकाश ५० लक्सच्या आसपासच ठेवण्याचा संकेत आहे. दालनांत शिरल्यावर "येथें इतका अंधार कां?" म्हणून आपण कुरकुरतों, त्याचें कारण हें. ही सगळी एक विद्याच आहे आणि ती शिकविणाऱ्या संस्था जगांत थोड्या आहेत. ग्लासगोच्या विद्यापीठांत ती शिकवितात. स्वित्झर्लंडमध्यें रिगिसबर्ग नांवाच्या गांवीं एका संस्थेंत शिकवितात. मुलीचें मन ग्लासगोवर बसलें होतें. बापाच्या खिशांतल्या पत्रकाशीं तिचा कांहीं संबंधच नव्हता!

आतां बापाच्या प्रश्नाकडे वळूं. पगार कोण देतो?

कलेच्या निमित्तानें आमच्या भागांतील माणसें परदेशीं जाण्याची गोष्ट कांहीं आजची नव्हे. वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकांत जपानला गेले. ते आधीं व्यापारी होते. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळें फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनीं त्यांना दुभाषी म्हणून आपल्याबरोबर नेलें, आणि १५९७ सालीं नागासाकी येथें इतरांबरोबर त्यांना क्रुसावर प्राण द्यावे लागले. त्यांचें हौतात्म्य हा श्रद्धेचा विषय आहे. येथें मला एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं त्यांच्या अंगीं जो गुण होता, म्हणजे दोन लोकांच्या मध्यें उभें राहून एकाचें म्हणणें दुसऱ्याला समजावून देण्याचा, त्याच गुणावर आजचा हा सारा व्यवसाय उभा आहे.

देवाणघेवाणीचा दुसराहि एक प्रकार आमच्याकडे होऊन गेला. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, त्यानंतर येथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांतून जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांतलीच म्हणतात. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरें व १७२१ हा सन आहे. याला कोणी सांस्कृतिक कार्यक्रम म्हणणार नाहीं. परंतु ती अक्षरें वाचूं शकणारा मराठी माणूस आज शोधूं गेलें तर किती सांपडतील? याकडे मी पुढें येणार आहें.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचें उदाहरण घ्यावयाचें तर अच्युत कानविंदे यांचें घ्यावें. हे कोंकणांतल्या आचऱ्याचे. जन्म १९१६ चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें ते वास्तुकला शिकले, सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेंत नोकरीस लागले, आणि १९४५ सालीं सरकारनें त्यांना अमेरिकेंत हार्वर्ड येथें धाडलें. तेथें वाल्टर ग्रोपियस यांच्या हाताखालीं शिकून ते १९४७ सालीं परतले. अहमदाबादची कापड-संशोधन संस्था, कानपूरची आय. आय. टी. या त्यांच्या वास्तु. त्यांना कोणी वाडी विकून पाठविलें नव्हतें. सरकारला प्रयोगशाळा बांधावयाच्या होत्या आणि त्या बांधणारा माणूस हवा होता. हेंच सूत्र सुधाकर नाडकर्णी यांच्याहि बाबतींत दिसतें. तेहि जे. जे. चे, जर्मनींतील उल्म येथल्या नामांकित शाळेंत वस्तुरचना शिकून आले आणि १९६९ सालीं पवईच्या आय. आय. टी. मध्यें वस्तुरचनेचें शिक्षणकेंद्र त्यांनीं उभें केलें. ज्या देशाला एखाद्या विद्येची गरज असते तो देश, किंवा जो देश आपली विद्या दुसऱ्याला देऊं इच्छितो तो, खर्च करतो. पत्रकें छापून गांवोगांव वांटणारे खर्च करीत नाहींत, ते करवितात. शेजाऱ्यांना मीं सांगितलेली पहिली गोष्ट ही.

वेषभूषेविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतूनसुद्धां एक गैरसमज आहे, तो असा कीं हा श्रीमंतांच्या पोरींचा छंद. कोल्हापूरच्या भानुमति राजोपाध्ये यांचें नांव पुष्कळांना सांगितलें तर आठवणार नाहीं. भानु अथय्या म्हटलें कीं आठवेल. त्याहि जे. जे. च्याच विद्यार्थिनी. मासिकांतून वेषांचीं चित्रें काढण्यापासून त्यांनीं आरंभ केला, पुढें चित्रपटांचे पोषाख केले, आणि "गांधी" या चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं १९८३ सालीं जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालें. भारतीयाला मिळालेलें तें पहिलें ऑस्कर. दांडीयात्रेंतील शेंकडों माणसांच्या धोतराची नेसण चुकूं न देणें हें काम शिंप्याचें नव्हे. त्याला आपल्या लोकांच्या अंगावरचें कापड जन्मभर पाहिलेला डोळा लागतो. पुढें २०१२ सालीं आपल्या पश्चात् तें मानचिन्ह नीट राहील कीं नाहीं या काळजीनें त्यांनीं तें अमेरिकेंतील त्या संस्थेकडेच परत सोंपविलें. मला या घटनेचें फार वाईट वाटतें. आपल्या देशांत एका बाहुलीएवढ्या वस्तूला विश्वासाची जागा त्यांना दिसूं नये! जुनें राखायला कोण पगार देतो, हा माझ्या शेजाऱ्याचा प्रश्न आणि भानुबाईंची ही कृति एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

परंतु माझ्या मनांत घर करून राहिलेली गोष्ट आमच्या पालघर जिल्ह्यांतली आहे. भास्कर कुलकर्णी नांवाचा एक चित्रकार मुंबईंत होता. हाहि जे. जे. चाच, काय करणार, नांवें घेऊं लागलें कीं ती संस्था पुनःपुन्हां येतेच! १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळांत पुपुल जयकर यांनीं त्याला मिथिलेंत धाडलें. भिंतीवर चित्रें काढणाऱ्या तेथल्या बायकांना त्यानें कागद दिला, म्हणजे चित्र विकतां येईल आणि घरांत दाणा येईल. मधुबनी चित्रें आज जगाला ठाऊक आहेत त्याचें हें मूळ. नंतर हाच माणूस डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांत आला. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचें काम वारल्यांत सवाष्णींचें. परंतु तेथें त्याला एक पुरुष भेटला जो लग्नकार्य नसतांहि, रोज, केवळ आवडीनें चित्रें काढीत असे. ते जिव्या सोमा म्हसे. लहानपणीं आई गेल्यावर कित्येक वर्षें हा मुलगा कोणाशीं बोलत नव्हता, धुळींत चित्रें काढून मनांतलें सांगत असे, असें त्यांच्याविषयीं सांगतात. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें आणि त्याच वर्षीं फ्रान्समध्यें मांतों येथें त्यांचीं चित्रें लागलीं. पुढें जर्मनींत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयांत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कृतींशेजारीं त्यांच्या कृति मांडल्या गेल्या. जपानच्या निगाता प्रांतांत तोकामाची येथें तोकियो हासेगावा या गृहस्थानें १९८२ सालीं मिथिला-चित्रांचें संग्रहालय काढलें. तेथें वारली चित्रकारांनाहि राहून काम करण्यासाठीं बोलावीत आले आहेत. २०११ सालीं म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले.

म्हसे यांचें नांव आपण ऐकलें, तें योग्यच झालें. कुलकर्ण्यांचें किती जणांनीं ऐकलें होतें? चित्रें त्यांनीं काढलीं नाहींत, विकलीं नाहींत. पाड्यांत जाऊन राहिले, कागद दिला, पाहिलें, आणि ज्याचें त्याचें नांव ज्याच्या त्याच्या चित्राखालीं जाईल याची काळजी घेतली. या व्यवसायाचें मर्म मला येथें दिसतें. आणि येथेंच, श्रोतेहो, मला माझ्याविषयीं थोडें बोलणें भाग आहे, कारण शेजाऱ्यांना सल्ला देतांना माझ्या डोळ्यांपुढें म्हसे किंवा कानविंदे नव्हते, एक सुतार होता.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. परदेशांतील एका शहरांत आपल्याकडील घरांचें प्रदर्शन भरावयाचें होतें. मांडणीला मदतनीस म्हणून मला नेण्यांत आलें. प्रदर्शनासाठीं आमच्या तालुक्यांतील एका वृद्ध सुतारानें जुन्या घराची संबंध पडवी तयार केली होती. खांब, तुळया, कोरीव कठडा. सगळें लाकडांत लाकूड बसवून, एकहि खिळा न मारतां. प्रत्येक तुकड्यावर खडूनें खूण करून त्यांनीं ती पडवी सोडविली, पेट्यांत भरली, आणि तिकडे जाऊन दोन दिवसांत पुन्हां उभी केली. तिकडचे लोक भोंवतीं उभे राहून पाहात. ते थंडीनें कुडकुडत आणि तरी हातांत मोजे घालीत नसत. मोज्यांतून लाकूड कळत नाहीं म्हणत.

प्रदर्शनाची पुस्तिका छापावयास जाण्यापूर्वीं तिचें मुद्रित माझ्या हातीं आलें. रचनाकाराचें नांव होतें, मांडणी करणाऱ्यांचीं नांवें होतीं, माल वाहून नेणाऱ्या कंपनीचेंहि होतें. पडवीखालीं लिहिलें होतें, "स्थानिक कारागीर". माझ्या हातांत पेन्सिल होती. मला तें दिसलें, खटकलेंहि. परंतु वरिष्ठ घाईंत होते. पुन्हां कधीं बोलावणें यावें असा स्वार्थहि माझ्या मनांत होता. मीं तें मुद्रित तसेंच पुढें दिलें.

पुस्तिका छापून आली. सुतारकाकांना इंग्रजी येत नव्हतें. ती उघडून त्यांनीं माझ्यापुढें धरली आणि विचारलें, "माझं नांव कुठं आलंय, तें दाखव." मीं एका ओळीवर बोट ठेवलें. त्यांनीं त्या ओळीवरून आपलें बोट फिरविलें, आणि पुस्तिका कागदांत गुंडाळून पिशवींत ठेविली.

ते आतां हयात नाहींत. पुढें कित्येक वर्षांनीं त्यांचा मुलगा ती पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. तो शिकलेला होता. त्यानें तें पान काढलें, उलटलें, पुन्हां काढलें. मला कांहीं विचारलें नाहीं. चहा घेतला आणि गेला.

हें मी रेडिओवर कां सांगतों आहें? नुकताच आलेला एक प्रसंग श्रोत्यांना आठवत असेल. २०२५ च्या जूनमध्यें मिलान येथें प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषवेषांच्या दर्शनांत कोल्हापुरी चपलांसारखीं पादत्राणें दिसलीं आणि कोल्हापूरचें नांव कोठेंहि नव्हतें. इकडे ओरड झाली. मग त्या कंपनीनें महाराष्ट्रांतील व्यापारी मंडळाला लिहून मूळ कोल्हापूरचें असल्याचें मान्य केलें. कोल्हापुरीला २०१९ सालींच भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, तसें वारली चित्रांना व पैठणीलाहि मिळालें आहे; त्याचा या वादांत थोडाफार आधार झाला. लोकांनीं कंपनीला पुष्कळ नांवें ठेविलीं. मला मात्र त्या वेळीं माझी पेन्सिल आठवत होती. एवढ्या मोठ्या दर्शनाच्या तयारींत, कोणत्या तरी टेबलाशीं, माझ्यासारखा एखादा मदतनीस असेलच कीं ज्याला तें दिसलें असेल.

असो. याच्या उलट चांगले पायंडेहि आहेत. १९८५ सालीं अमेरिकेंत भरलेल्या भारत-महोत्सवांत न्यूयॉर्कच्या कूपर-हेविट संग्रहालयांत राजीव सेठी यांनीं "गोल्डन आय" हें प्रदर्शन केलें. तिकडच्या नामवंत रचनाकारांना येथें आणून आपल्या कारागिरांशेजारीं बसविलें आणि दोघांनीं मिळून वस्तु घडविल्या. आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यांत, अलिबागकडे, बिजॉय जैन यांचे सुतार व गवंडी वास्तुकारांच्या बरोबरीनें बसून काम करीत आले. २०१० सालीं व्हेनिसच्या वास्तुप्रदर्शनांत त्यांनीं आपली कार्यशाळाच मांडून दाखविली. हें पाहावयास माझे सुतारकाका असायला हवे होते.

आतां व्यवसायाचा तपशील. "आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्यक्रम" म्हटलें कीं नाच, गाणें आणि भाषणें डोळ्यांपुढें येतात. त्यामागें काम करणारीं माणसें दिसत नाहींत. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत २०१७ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्यानें "भारत आणि जग" हें प्रदर्शन भरलें होतें. दोनशेंहून अधिक वस्तु तेथें मांडल्या होत्या. अशी एक वस्तु एका देशांतून दुसऱ्या देशांत जायची म्हणजे काय होतें पाहा. निघण्यापूर्वीं तिच्या अंगावरील प्रत्येक ओरखडा लिहून घेणारा माणूस लागतो. तिच्या मापाची पेटी बनविणारा लागतो. विमानांतून तिच्याबरोबर प्रवास करणारा, पेटी उघडतांना हजर राहून पुन्हां ओरखडे मोजणारा लागतो. विम्याचे व जकातीचे कागद करणारा लागतो. आपल्या १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु सरकारच्या परवानगीवांचून देशाबाहेर नेतांच येत नाहीं, तेव्हां तो कायदा जाणणारा लागतो. दालनाची आंखणी वास्तुकार करतो. वस्तु हवेंत तरंगल्यासारखी दिसावी म्हणून तिच्याखालीं बारीक धातूचा आधार घडविणारा कारागीर असतो. लेबलें लिहिणारा, त्यांचें भाषांतर करणारा असतो, आणि लेबलाच्या दोन ओळींसाठीं दोन महिने वाचन करणारा अभ्यासक असतो. यांतला प्रत्येक जण पगारी आहे. पगार फार मोठा नसतो हेंहि सांगून टाकतों. पुष्कळांना वर्ष-दोन वर्षांच्या करारावर काम करावें लागतें. एक प्रदर्शन संपलें कीं दुसऱ्याची वाट पाहावी लागते. ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेवांचून झोंप येत नाहीं त्यानें या वाटेला जाऊं नये.

शिष्यवृत्तीविषयीं विचारणारे पुष्कळ असतात. १९५० सालीं मौलाना आझाद यांनीं स्थापिलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ति, इंग्लंडमधील अभ्यासासाठीं चार्ल्स वॉलेस न्यास, इनलॅक्स, जपान फाउंडेशन, गोव्यांतील फुंदासांव ओरिएंत हीं नांवें टिपून ठेवावींत. प्रत्येकाचे नियम व मुदती दरवर्षीं पाहाव्या लागतात. ऐकीव माहितीवर विसंबूं नये. निवड करणाऱ्यांना प्रशस्तिपत्रांच्या थप्पीपेक्षां एकच गोष्ट पाहावयाची असते: या उमेदवारानें, कोणी न सांगतां, स्वतः होऊन काय केलें आहे?

आणि येथें खेड्यांतल्या मुलांची बाजू लंगडी नसून उलट भक्कम आहे, हें मला आग्रहानें सांगावयाचें आहे. मघाशीं मीं घंटेवरील अक्षरांचा उल्लेख केला. लिस्बनच्या गुल्बेंकियन फाउंडेशननें पोर्तुगीज उगमाच्या वास्तूंची जगभरची मोठी नोंद ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली; तिच्यांत वसईहि आहे. गोवा विद्यापीठांत पोर्तुगीज शिकतां येतें. पोर्तुगीज येणारा, मोडी वाचणारा आणि त्यांवर आमची सामवेदी बोली घरांत बोलणारा एक वास्तुविद्यार्थी उद्यां उभा राहिला तर वसईच्या किल्ल्याविषयीं काम करणाऱ्या कोणत्याहि देशाच्या संस्थेला त्याची गरज लागेल. सोपाऱ्याचेंच पाहा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ सालीं तेथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं आमच्या शेजारच्या भुईगांवांत निघाला. ज्या वाटेनें आमच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन गेल्या त्या वाटेवर अशोकाचा दगड पडलेला होता! गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनीं परदेशीं नांव मिळविल्यावर कुणबी बायकांची साडी आणि गोव्याचा पोषाख यांचा ध्यास घेतला आणि २०१२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या लाल लुगड्यावर तसा ग्रंथ मीं अजून पाहिलेला नाहीं.

हें सर्व मीं शेजाऱ्यांना एका बैठकींत सांगितलें असें नव्हे. तीनचार रविवार गेले. शेवटीं त्यांनीं विचारलें, "मग तुकडा विकूं कीं नको?"

मीं म्हटलें, "विकूं नका. मुलीला एक वर्ष द्या."

"एक वर्षांत काय होणार?"

"तिलाच विचारा."

मुलीनें आधींच ठरविलें होतें. गांवांतल्या घरोघर जाऊन पेट्यांतलीं लुगडीं ती पाहूं लागली. वहींत प्रत्येकाची नोंद: लांबी, रुंदी, कांठ, रंग, कोठें घडी मोडली आहे, कोणत्या दुकानांतून घेतलें असें म्हातारी सांगते, आणि लग्नांत नेसलेलें कीं सणाचें. मुंबईच्या संग्रहालयांत वस्तूंच्या जतनाचा विभाग आहे. तेथें जाऊन काम पाहतां येईल काय, याची विचारपूसहि तिनेंच केली. मीं फक्त एक अट घातली. प्रत्येक नोंदींत नेसणारीचें नांव सर्वांत वर आलें पाहिजे, आणि तें तिला वाचून दाखविलें पाहिजे. ती म्हणाली, "काका, तें तर मी करतेंच आहें." मग मीं माझी पुस्तिकेची हकीगत तिला सांगितली. ती ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसली. नंतर सुतारकाकांचें पूर्ण नांव काय, म्हणून तिनें मला विचारलें, आणि वहीच्या पाठीमागें लिहून घेतलें.

पंचेचाळीसएक लुगड्यांची नोंद झाली आहे. अर्ज गेला आहे. उत्तर यावयाचें आहे. तें काय येईल हें मला ठाऊक नाहीं, आणि नकार आला तर तिच्या बापाला काय सांगावयाचें याचा विचार माझ्या मनांत अधूनमधून येतो. वाडीचा तुकडा अजून आहे तसा आहे.

गेल्या आठवड्यांत ते गृहस्थ खांद्यावर एक लांब नळी घेऊन माझ्या दारावरून चालले होते. वाडीला पाणी देण्याची प्लॅस्टिकची नळी. लुगडें गुंडाळायला मुलीनें नळकांडें मागितलें होतें म्हणून त्यांनीं ती धुवून, घांसून, मापानें कापून तिला नेऊन दिली होती. आणि मुलीनें ती परत केली होती. प्लॅस्टिकमधून कांहीं वाफा निघतात, त्यांनीं जुन्या कापडाचा नाश होतो, असें तिचें म्हणणें. पुठ्ठ्याचें नळकांडें हवें, आणि त्यावर धुतलेलें मांजरपाट गुंडाळायचें.

"आतां पुठ्ठ्याचं नळकांडं कुठं मिळणार, मास्तर?"

"कापडाच्या दुकानांत," मीं म्हटलें. "ठाण संपलें कीं तें उरतें. मागितलें तर देतील."

नळी माझ्या ओट्याला टेकवून ठेवून ते तसेच सोपाऱ्याच्या बाजाराकडे गेले.